खिडकीखालची ओल

मानेवर एक थेंब पडला. बुधवार, दुपारचा दीड, जून महिना, सरोजिनी नगरचा बाजार. आभाळातून काही पडण्याचा प्रश्नच नव्हता. मी एका हातगाडीपाशी उभा राहून तान्ह्या बाळासाठी झबली निवडत होतो. दोन घेतली होती आणि तिसरं निळं घ्यावं की पिवळं यावर माझं आणि गाडीवाल्याचं एकमत होत नव्हतं. थेंब गार होता. कॉलरच्या आत शिरून तो पाठीवरून सावकाश खाली गेला आणि मी वर पाहिलं. वरच्या खिडकीत पत्र्याचा कूलर होता. दिल्लीत उन्हाळ्यात मान वर केली की कूलरच दिसतो, त्यात काही विशेष नाही. त्याच्या तळाला गंज लागून भोक पडलं होतं, तिथून पाणी ठिबकत होतं, आणि खालच्या भिंतीवर जमिनीपर्यंत एक काळपट हिरवा पट्टा उतरला होता. कूलर दोन लोखंडी अँगलवर बसवलेला होता. भिंतीतून बाहेर आलेले, हातभर लांब, टोकाशी जरासे वर वळवलेले दोन अँगल. गाडीवाला म्हणाला, 'पीलावाला ले लो जी, लड़का-लड़की दोनों में चल जाता है.' ते अँगल मी ओळखले होते.

असेच अँगल गुडगावच्या पुढे, सोहना रस्त्यावरून आत, बावीस घरांच्या खिडक्यांखाली होते. ती घरं मी बांधली होती. म्हणजे नकाशे माझे, माती मी निवडलेली, विटा दाबायचं हातयंत्र मी मिळवून दिलेलं, आणि सुट्टीच्या दिवशी घाम गाळणारे लोक मी इंजिनियर आहे त्याच सरकारी खात्यातले. दफ्तरी, ड्रायव्हर, शिपाई, एखादाच मराठी आणि बाकीचे गढवालपासून बिहारपर्यंत कुठले कुठले. भट्टीत न भाजलेल्या मातीच्या विटांची घरं. जमिनीचा वरचा थर काढून टाकायचा, खालची माती चाळायची, तिच्यात थोडी वाळू आणि अगदी थोडं सिमेंट घालायचं, यंत्रात दाबून वीट काढायची आणि ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे मुरू द्यायची. सोसायटीचे सेक्रेटरी गुलाबराव, आमच्याच ऑफिसातून दफ्तरी म्हणून रिटायर झालेले. महिन्यातून एका रविवारी मी तिकडे जात असे, आधी कळवून. फेब्रुवारीत त्या खिडक्यांखाली अँगल पहिल्यांदा दिसले तेव्हा मी विचारलं, हे कशाला. गुलाबराव जरा थांबले आणि म्हणाले, कुंड्या ठेवायला, साहेब. मला इतकं बरं वाटलं की मातीच्या घराला फुलं कशी शोभतात यावर मी एक छोटंसं भाषण दिलं. मार्चमध्ये गेलो, एप्रिलमध्ये गेलो, मे महिन्यात गेलो. एकाही अँगलवर एकही कुंडी नव्हती. ते रिकामे अँगल मी बघितले होते, आणि तरी बघितले नव्हते.

बाजारातल्या त्या गर्दीत मला एकदम घाम फुटला. जूनमध्ये घाम येतोच, पण हा निराळा होता, हाताच्या तळव्यांना येणारा. मे महिन्यात गुलाबरावांच्या खिडकीखाली गेरूमिश्रित मातीचा ताजा लेप होता. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, दोन हात रुंद. बाकीची भिंत जुन्या रंगाची आणि तेवढाच तुकडा नवा. मी त्यांच्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या हाताचं कौतुक केलं होतं. बाई खाली बघत हसल्या होत्या. लाजल्या असतील असं मला वाटलं होतं. माझ्यासारख्या माणसाला एवढंच वाटतं. कौतुक करायची संधी मिळाली की तो पुढचं बघतच नाही. त्या लेपाखाली काय असेल ते आता मला चित्रासारखं दिसायला लागलं. मी रविवारी येणार म्हणून शनिवारी संध्याकाळी बावीस घरांतले कूलर उतरवले जात असणार, आत खाटेखाली ढकलले जात असणार, आणि भिंती लिंपल्या जात असणार. कारण मी सांगितलं होतं की या घरांना कूलर लागणार नाही. एकदा नाही, प्रत्येक मीटिंगमध्ये. पहिल्या पायाभरणीला मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की ज्याला या घरात कूलर लावावा लागेल त्याने माझ्याकडे यावं, मी माझी डिग्री परत करतो. लोक हसले होते, टाळ्या वाजल्या होत्या. माझ्या स्वतःच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा दोन कूलर होते.

पिशवी हातात घेऊन मी पीसीओ शोधला. सोसायटीच्या वळणावर खत-बियाणांचं एक दुकान होतं, तिथला फोन मी लावला. घंटी वाजत राहिली. मी फोन ठेवला, परत लावला, परत वाजत राहिली. दुपारी दोन वाजता कुणी फोन उचलत नाही, सगळा मुलूख झोपलेला असतो. आणि झोपलेला असतो तो कुठे, या प्रश्नाशी येऊन माझं डोकं थांबलं. जिथे वारा लागतो तिथे. कूलरच्या तोंडाशी. घरातली सगळ्यात मऊ झालेली भिंत जी असेल, नेमकी तिच्याच पायथ्याशी घरातली सगळी माणसं उन्हाळाभर अंग टाकतात. गुलाबरावांच्या घरी त्यांची सून राधा बाळंतीण होती. मुलगा धीरज उद्योग विहारातल्या कपड्यांच्या फॅक्टरीत सुपरवायझर, तो कामावर. बाळ पाच आठवड्यांचं. येत्या रविवारी बारसं होतं आणि त्याचसाठी मी झबली घेत होतो. पीसीओवाला म्हणाला, 'और ट्राई करना है क्या, अंकल?' मी नाही म्हटलं. ऑफिसात परत जावं, पद्धतशीर पत्र लिहावं, रविवारी नाहीतरी जायचंच आहे, तेव्हा शांतपणे बघावं, असा एक शहाणा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला होता हे कबूल करायला हवं. तो विचार मी बराच वेळ धरून ठेवला, स्कूटरला दोनदा किक मारेपर्यंत.

धौला कुआँपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. बांधकामाचं शास्त्र भित्र्या माणसाला फार धीर देतं. खिडकीखालच्या भिंतीवर छताचा भार येतच नाही, हे पहिलं. खिडकीवरचा भार तुळई उचलते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना देते. खालचा तुकडा गळून पडला तरी बाकी घर उभं राहील. दुसरं म्हणजे दिल्लीत कुठल्या घराच्या खिडकीखाली ओल नाही? आमच्या क्वार्टरमध्ये तर दर उन्हाळ्यात प्लॅस्टरला फुगे येतात आणि सुनेत्रा, माझी बायको, त्याच्यापुढे सोफा सरकवते. आमची मयुरा लहान असताना मी एकदा म्हणालो की भिंतीला ओल आलीय, तर तिने विचारलं, 'ओल म्हणजे काय, बाबा?' सीलन, मी सांगितलं. 'अच्छा, सीलन. ती तर असतेच ना,' असं म्हणून ती खेळायला गेली. ती असतेच. भाजलेल्या विटेला ती नुसती डागाळते. दिल्लीतल्या माणसाच्या डोळ्यांना ती इतकी सवयीची झालेली असते की ती कुठे असू नये हे त्याच्या लक्षातच येत नाही, आणि मी या शहरात बावीस वर्षं काढली होती. पावसासाठी मी छपराच्या वळचणी तीन फूट बाहेर काढल्या होत्या. जमिनीतल्या ओलीसाठी दगडी जोतं घेतलं होतं. वाळवीचा विचार केला होता, उंदरांचा केला होता. नकाशात सगळं होतं. कूलर नव्हता, कारण माझ्या नकाशातल्या माणसांना उकडत नव्हतं.

महिपालपूरच्या रेड लाइटला उभा असताना गुलाबरावांचं घर आठवलं आणि तो सगळा धीर संपला. त्यांचं घर कोपऱ्यावरचं. हवा खेळावी म्हणून मी त्यांची खिडकी कोपऱ्याच्या जवळ सरकवली होती, गुलाबरावांनी सांगितलेलं नसताना, केवळ मला ते छान वाटलं म्हणून. खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये भिंत उरली होती दीड फूट. त्या दीड फुटावर छताच्या गर्डरचं टोक टेकलेलं होतं, आणि गर्डरवर दगडी पट्ट्या. पाणी सरळ खाली जात नाही. ते मातीत बाजूला सरकतं, वर चढतं, जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसतं. एप्रिल, मे, अर्धा जून. अडीच महिने पाणी त्या दीड फुटात जात होतं. मागून ट्रकवाल्याने हॉर्न दिला, सिग्नल हिरवा झाला होता, आणि मी घाईत गिअर टाकला.

भिंत कशी पडते हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला पानिपतला पाठवलं होतं, रंगाच्या एका पडलेल्या शेडची चौकशी करायला. कच्च्या विटांची शेड, आत सूत रंगवायच्या टाक्या, आणि रंगाचं पाणी वर्षानुवर्षं भिंतीच्या पायाशी वाहत होतं. मातीची ओली भिंत कोसळत नाही. तिला तडा जात नाही, ती कुरकुरत नाही, पळायला वेळ देत नाही. ती बसते. उभी असलेली म्हातारी बाई दमून जागच्या जागी बसावी तशी बसते, आणि मग वरचं सगळं तिच्या मागोमाग येतं. तिथल्या मुकादमाने मला हेच सांगितलं होतं, 'साहब, आवाज ही नहीं आई.' आत एक माणूस होता. त्याचं नाव मी माझ्या हाताने रिपोर्टमध्ये लिहिलं होतं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, सततचा ओलावा. रिपोर्ट चांगला झाला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली होती. आता राजोकरीच्या चढावर, तोंडावर भट्टीसारखा वारा येत असताना, मी त्या माणसाचं नाव आठवायचा प्रयत्न करत होतो. ते येईना. त्याचं वय आठवत होतं, त्याच्या चपला आठवत होत्या, बाहेर ओळीत नीट काढून ठेवलेल्या. नाव नाही.

आणि तरीही, हे सगळं खरं असलं तरीही, माझ्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, आणि मी तिच्याकडे न बघता स्कूटर चालवत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवं गुडगाव उगवत होतं. काल ज्या शेतात मोहरी होती तिथे आज काचेच्या इमारतीचा सांगाडा, पुढे मोठ्ठी पाटी, पाटीवर हिरवळीवर पळणारं गोरं कुटुंब. मला या पाट्यांचा राग येई. मी लोकांना सांगत असे की ही सगळी श्रीमंतांची थेरं आहेत, आपण आपल्या पायाखालच्या मातीत घर बांधू, भट्टीचा धूर नको, बिल्डर नको. हे मी मनापासून सांगत असे आणि आजही ते मला खरंच वाटतं. पण तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, पहिल्या मीटिंगला, गुलाबराव उठून उभे राहिले होते. 'साहेब, मातीच्या घरातून पळून आम्ही इथे आलो. परत मातीतच जायचं काय? पाणी लागलं तर?' सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून एक वीट काढली, चहावाल्याची बादली मागवली, आणि वीट पाण्यात बुडवली. मीटिंग दोन तास चालली. शेवटी वीट बाहेर काढली, गुलाबरावांच्या हातात दिली. ती जशीच्या तशी होती. त्यांनी ती नखाने खरवडून पाहिली, मग जमिनीवर आपटली. एक टवकासुद्धा उडाला नाही. त्या संध्याकाळी बावीस जणांनी सह्या केल्या.

ती वीट प्रयोगशाळेतली होती. तिच्यात सिमेंट जवळजवळ दुप्पट होतं. साइटवर आम्ही जे प्रमाण धरलं ते त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण त्याहून जास्त परवडणार नव्हतं, आणि परवडणारं घर हेच तर माझं सगळं म्हणणं होतं. साइटची वीट कोरडी असेल तर उत्तम, दोन मजले पेलते. पाण्यात दोन तास राहिली तर काय होतं ते मी पाहिलं होतं. एकट्याने पाहिलं होतं, लॅबमध्ये, एका शनिवारी. संध्याकाळी बादलीच्या तळाशी गाळ होता आणि मध्ये मुठीएवढा गोळा. मी बादली नालीत ओतली आणि हात धुतले. मग वळचण अडीच फुटांची तीन फूट केली, आणि स्वतःला सांगितलं की पाणी भिंतीला लागूच द्यायचं नाही म्हणजे प्रश्न मिटला. खोटं मी कुणाशी बोललो नव्हतो. वीट एकच आहे असं मी तोंडाने कधी म्हणालो नव्हतो. कुणी विचारलंच नाही, आणि विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं, कारण मी साहेब होतो आणि ते दफ्तरी होते. सोहना रस्त्याला वळताना मला लाज वाटत नव्हती. लाज वाटायला थोडी स्वस्थता लागते. मला फक्त भीती वाटत होती.

तीनच्या सुमाराला मी पोचलो. आधी आवाज ऐकू आला. सोसायटीत पाऊल टाकण्याआधीच तो घुमणारा एकसुरी आवाज, पाण्यात भिजलेल्या गवताचा वास, आणि बाहेर चिटपाखरू नाही. रविवारी मी यायचो तेव्हा इथे पाखरांचा आवाज असे, बायका अंगणात बसलेल्या असत, आणि मी म्हणत असे, बघा, कशी शांतता आहे. आता प्रत्येक खिडकीत पत्र्याची एक पेटी थरथरत होती. मी चौदा मोजल्या आणि मोजणं सोडलं. प्रत्येकीखाली ओला पट्टा. काही ठिकाणी लेप सुटून आतल्या विटांचे कोपरे गोल झालेले दिसत होते, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे. गुलाबरावांच्या कोपऱ्यापाशी मी स्कूटर टाकली, स्टँडवर लावायचं राहूनच गेलं. खिडकीखालचा लेप गडद होता. मी अंगठा टेकवला. तो आत गेला. नखापर्यंत, मग पहिल्या पेरापर्यंत, भिजवलेल्या कणकेत जावा तसा. मग मी उजवीकडे सरकलो, त्या दीड फुटाकडे, आणि गुडघ्याच्या उंचीवर अंगठा लावला. तिथेही गेला. कमरेच्या उंचीवर लावला. तिथे माती गार होती पण घट्ट होती, निदान तसं वाटलं. वर गर्डरचं टोक दिसत होतं, रंग दिलेलं, अगदी जागेवर.

कूलर बंद झाला. आतून कुणीतरी बटण दाबलं होतं. द्वारकाबाई दारात आल्या, डोक्यावरचा पदर सावरत, आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. मी काही बोलण्याआधी त्या भराभर पुढे आल्या आणि त्या ओल्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. तो डाग मला दिसू नये म्हणून. साठीची बाई, शाळेत चूक पकडलेल्या मुलीसारखी, दोन्ही तळवे मागे भिंतीला टेकवून. त्यांचं सगळं वजन त्या भिंतीवर होतं.

'रविवारी नसतो लावत, साहेब,' त्या म्हणाल्या. 'पोराला घामोळं आलं होतं. अंगभर. रात्रंदिवस रडायचं. म्हणून लावतो. आणला तो एप्रिलात, सुनेला उकाडा सोसेना तेव्हा. तुमच्या घराचा काही दोष नाही, घर गारच आहे.'

मला ओरडायचं होतं आणि मी ओरडलो नाही. खरं सांगायचं तर मी ओरडायला घाबरत होतो. मोठ्या आवाजाने भिंत बसेल असं मला वाटत होतं. वीस वर्षं इंजिनियर असलेला मी, भिंतीला ऐकू जाईल म्हणून हळू बोलत होतो. मी म्हणालो, वहिनी, तिथून बाजूला व्हा. त्या आणखीच घट्ट टेकल्या. त्यांना वाटलं मला डाग बघायचाय. मी विचारलं, बाळ कुठे आहे. आत झोपलंय, झोळीत, त्या म्हणाल्या. झोळी कशाला बांधलीय, मी विचारलं, आणि उत्तर ऐकण्याआधीच ते मला कळलं होतं. त्या खोलीत वर बांधायला गर्डरशिवाय दुसरं काही नव्हतंच.

मी बुटांसकट आत शिरलो. उजेडातून आल्यामुळे काही दिसेना. मग हळूहळू दिसलं: जमिनीवर चटईवर राधा, एक हात डोळ्यांवर घेऊन झोपलेली, तिच्या वर जुन्या लुगड्याची झोळी, आणि झोळीचा दोर गर्डरला, खिडकीपासून दोन हातांवर, जिथे वारा सरळ येतो तिथे. झोळी अजून अगदी किंचित हलत होती. मी तिच्यात हात घातला. तान्हं मूल मी सतरा वर्षांत उचललं नव्हतं. मान धरायची असते एवढं आठवलं, ती धरली, आणि त्याला बाहेर काढलं. ते ओलसर, गरम आणि फार हलकं होतं. त्याने डोळे उघडले आणि किंचाळायला सुरुवात केली. त्या आवाजाने राधा जागी झाली, आणि तिने काय पाहिलं असेल? एक परका पुरुष, पायात बूट, हातात तिचं मूल, दाराकडे चाललेला. ती जे ओरडली त्याने सगळी सोसायटी उठली. मी छताकडे बघत होतो. ती माझ्या मागे धावत बाहेर आली, माझ्या शर्टाला धरून, आणि मला त्या क्षणी हवं होतं ते एवढंच होतं. बाहेर आल्यावर मी बाळ तिच्या हातात दिलं. अंगणातल्या कडुनिंबापाशी पोचेपर्यंत तिने माझा शर्ट सोडला नव्हता.

दहा मिनिटांत सगळे जमले. उन्हाचे चटके बसत होते, लूची तापलेली झळ वाहत होती, बायकांनी तोंडावर पदर धरले होते. गुलाबराव टँकरवाल्याकडे गेले होते ते धापा टाकत आले. द्वारकाबाईंनी त्यांना सांगितलं, साहेब चिडलेत, कूलरवरून. गुलाबरावांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि माफी मागायला लागले. त्यांनी सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. तुमचा शब्द मोडला, म्हणाले, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी त्यांना थांबवलं. मी म्हणालो की मी चिडलेलो नाही, भिंत ओली झालीय, बसेल, आत कुणी जायचं नाही. गुलाबराव हसले. मला धीर द्यायला हसले.

'तुमच्या हातची भिंत कशी बसेल, साहेब? आपण बादलीत घालून बघितलीय ना.'

त्यांनी हे इतक्या विश्वासाने म्हटलं की मला पुढचं बोलणं अशक्य वाटलं. मी बोललो नसतो तरी चाललं असतं. कूलर काढा, भिंत वाळू द्या, वाळेपर्यंत छताला बल्ल्यांचे टेकू लावा, एवढं सांगून मी साहेबच राहिलो असतो, उलट धावत आलेला, बाळाला वाचवणारा साहेब. पण वाळलेल्या भिंतीपाशी पुन्हा जूनमध्ये कूलर लागणार होता, कारण वीट पाण्यात टिकते हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

'बादलीतली वीट वेगळी होती, गुलाबराव,' मी म्हणालो. 'तिच्यात सिमेंट दुप्पट होतं. तुमच्या विटांत तेवढं नाही. तुमची वीट दोन तासांत विरघळते. मी बघितलंय. मला तेव्हाच माहीत होतं.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं, ते गुलाबरावांच्या तोंडाकडे बघत होते. मग गुलाबराव त्यांच्याकडे वळले आणि हिंदीत म्हणाले, साहब कह रहे हैं, दीवारें गीली हैं, कूलर उतार दो, आज अंदर मत सोना. एवढंच. बादलीचं ते बोललेच नाहीत. इतकं ऐकूनही त्यांनी मला झाकलं, जसा द्वारकाबाईंनी डाग झाकला होता, आणि ते माझ्याने बघवेना. मी स्वतः पुढे झालो आणि तेच सगळं हिंदीत सांगितलं, तुटक, चुकत, पण वगळलं काही नाही. बोलून झाल्यावर कुणी शिवी दिली नाही. तिवारी म्हणून एक ड्रायव्हर होता, तो म्हणाला, 'हमने तो गाँव की ज़मीन बेच के लगाया था, साहब,' आणि खाली बसला. बाळ रडून रडून थकलं होतं.

मग पुरुष आत जाऊन कूलर उतरवायला लागले. टँकरवाल्याच्या ट्रॅक्टरवर कुणीतरी बल्ल्या आणायला गेलं. गर्डरखाली त्या कुठे लावायच्या ते मी दाखवलं, आणि लावत असताना मी आत उभा राहिलो, माझी जागा तीच होती म्हणून, धीट होतो म्हणून नाही. एकदा सवयीने मी भिंतीला टेकणार होतो आणि मग आठवलं. संध्याकाळचे सहा वाजले तरी झळ कमी झाली नव्हती. भिंत उभी होती. ती बसली असती तर मी खरा ठरलो असतो. ती नुसती उभी होती, ताज्या लेपातल्या माझ्या अंगठ्याच्या दोन भोकांसकट, आणि ती आज बसेल, उद्या बसेल की आणखी वीस वर्षं बसणारच नाही हे मला सांगता येत नव्हतं. लोक निंबाखाली बसून होते. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. क्वार्टर सोडून ते इथे आले होते.

गुलाबराव उठून माझ्याजवळ आले. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण साहेबांशी बोलायचा जो आवाज त्यांनी तीस वर्षं वापरला तो नव्हता.

'उघड्यावर बाळंतिणीला किती दिवस ठेवू?' ते म्हणाले. 'आता खरं सांगा. कुठल्या भिंतीपाशी खाट टाकू?'

मी आत गेलो. ते मागे आले आणि दारातच थांबले. खोलीच्या मधली भिंत आतली, खिडकीपासून लांब, वर गर्डरचा भार नसलेली. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो, बुडाशी तळवा लावला, मग वर, मग आणखी वर, मग दोन्ही हातांनी परत पहिल्यापासून. कोरडी होती. पुस्तकाप्रमाणे, हिशोबाप्रमाणे, मला ठाऊक होतं त्या सगळ्याप्रमाणे कोरडी होती. 'इथे' एवढाच शब्द म्हणायचा होता. गुलाबराव वाट बघत होते, त्यांच्या मागे राधा बाळाला घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे उरलेल्या एकवीस घरांतली माणसं तोच प्रश्न घेऊन अंगणात उभी होती. माझे हात भिंतीवरून निघेनात.